तिसऱ्या विकेटला बोलली

आमच्या घरात मॅच चालू असताना बायकोनं बोलायचं नाही, हा नियम माझा. चाळीसेक वर्षं तो चालला. तो कुठून आला हे आधी सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा नुसताच हेकट आहे. हेकट आहे, पण नुसताच नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. गाव विट्याच्या बाजूचं. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणं. सोळाव्या वर्षी मी कलकत्त्याला आलो आणि बडाबाजारातल्या एका बोळात भट्टीपुढं बसलो. त्या दुकानात एक पद्धत होती. तापून लाल झालेली मूस चिमट्यात धरून भट्टीतून उचलली, की तिच्यातलं सोनं साच्यात ओतून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. गिऱ्हाईक असो, नाहीतर मालक असो. सोनं दुसऱ्याचं, हात आपला, आणि मधे नुसता एक चिमटा. एकदा कुणीतरी मागून "चहा आला" म्हणालं आणि माझा हात हलला. डाव्या पावलावर त्याचा डाग अजून आहे. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की नाजूक काम चाललेलं असताना मधेच बोललेला शब्द काहीतरी सांडतोच.

क्रिकेटही त्याच दुकानात शिकलो, रेडिओवर. इंग्रजी आकडे गिरवले ते स्कोअर मांडता यावा म्हणून. खिशात मावेल एवढी वही आणि पेन्सिल. टेस्ट असली की एकेक ओव्हर लिहितो, आजही. लग्न झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की ही बोलली की विकेट जाते. हसू नका, मी पडताळून पाहिलं आहे. विकेटच्या आधी हिचा आवाज आला असेल तर वहीत त्या विकेटसमोर मी लिहितो, 'बोलली'. जुन्या वह्या काढल्या तर पानोपानी तेच आहे.

ती म्हणायची, "आणि मी माहेरी गेले होते तेव्हा सगळे आऊट झाले ते?"

मी म्हणायचो, "तिकडून बोलली असशील."

ही गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. पण तिची सुरुवात त्याच्या महिनाभर आधी बाजारात झाली. ही वांगी घेत होती आणि भाजीवाल्याशी बोलता बोलता हिची जीभ जड झाली. शब्द ओठातच चिकटायला लागले. हिची बंगाली मुळातच मोडकी, त्यामुळे भाजीवाल्याला काही कळलं नाही, तो हसून मान हलवत राहिला. मी पिशवी धरून शेजारी उभा होतो. मला कळलं. दहा मिनिटांत सगळं पहिल्यासारखं झालं, घरी येऊन हिनं भरली वांगी केली, पण दुसऱ्या दिवशी मी हिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हा इशारा होता, पुढचा मोठा असू शकतो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की एक मिनिट न घालवता घेऊन यायचं. पोरानं तसं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवलं. पोरगा कलकत्त्यातच, पण लांब न्यू टाउनला कंपनीत आहे, राहतोही तिकडेच.

"आता तरी चला माझ्याकडे," तो म्हणाला. "इथं तुम्ही दोघंच. दुसरा मजला. पावसात गल्लीत पाणी."

"हे घर मी भट्टीपुढं बसून घेतलंय," मी म्हणालो. "माझ्या बायकोला मी बघीन."

असं म्हणालो खरा. पण रोज सकाळी ही उठली की मी आधी काहीतरी विचारायचो, दूध आलं का, किती वाजले, कसलंही फालतू. तिचं उत्तर ऐकायला. शब्द नीट आले की मग मी पांघरुणातून बाहेर यायचो. तिला हे माहीत नव्हतं. भीती वाटते असं बायकोला सांगायची आमच्यात रीत नाही, निदान माझ्यात तरी नाही.

त्याच दिवसांत आपली टीम इंग्लंडला गेलेली होती आणि हरत होती. पहिली टेस्ट चार दिवसांत आटपली. दुसरी पावसानं ताणली म्हणून पाचव्या दिवसापर्यंत टिकली, पण हरलोच. तिसरीतही पाऊस. इकडे आमच्या डमडमला पाऊस, तिकडे पाऊस. टीव्हीवर मैदान झाकलेलं दिसायचं आणि खिडकीतून आमची गल्ली बुडालेली दिसायची. खालच्या मजल्यावर एक बंगाली मास्तर राहतात, रिटायर झालेले. माझ्या बरोबरीचे. आम्ही पूर्वी बागबाजारला राहायचो हे त्यांना कळल्यापासून ते मला बर्गी म्हणतात. बर्गी म्हणजे बंगालवर चालून आलेले मराठे स्वार; त्यांना भिऊन या शहरानं बागबाजारच्या बाजूनं खंदक खणला होता ना, त्यावरून.

"काय बर्गी," जिन्यात भेटले की विचारायचे, "आज तुमची टीम खेळणार की पोहणार?"

"हरत असली की माझी, आणि जिंकली की आपली का?"

"अर्थात," ते म्हणायचे. "आणि खंदक पुन्हा भरलाय बरं का, बाहेर जाऊन बघा."

मी हसायचो, पण माझं लक्ष वरच्या दाराकडे असायचं. ही एकटी आहे. आवाज येतोय का?

तिसऱ्या टेस्टच्या चौथ्या दिवशी मी एक मूर्खपणा केला. आजवर कुणाला सांगितलेला नाही. शेवटच्या दिवशी दिवसभर खेळून काढायचं होतं, हातात आठ विकेट होत्या. मी मनाशी म्हणालो, ही टेस्ट वाचली तर ही वाचली. का म्हणालो, ठाऊक नाही. डॉक्टरांच्या हातात काही नाही, पोराच्या हातात नाही, मग कुठंतरी आपला हात पोचावा असं वाटतं. मॅचपर्यंत माझा हात पोचत होता. हिला एका जागी गप्प बसवलं की विकेट राहतात, हे मला वहीवरून माहीत होतंच.

तेव्हा पाचव्या दिवशी दुपारचं जेवण झालं, ही थोडी पडली, आणि तीन वाजता मी हिला उठवून स्वयंपाकघराच्या दारात वेताच्या मोड्यावर, इकडच्या त्या बुटक्या स्टुलावर, बसवलं. आदल्या संध्याकाळी ती तिथंच बसली होती आणि जोडी टिकली होती.

"मॅच सुरू तरी होऊ द्या," ती म्हणणार होती. मी बोटानंच गप्प केलं.

मैदान ओलं होतं. साडेतीन झाले, चार झाले, अंपायर छत्री घेऊन येत आणि पायानं गवत दाबून परत जात. तिकडच्या लोकांनी लंचसुद्धा पुढं ढकलला. ही तिथंच, मांडीवर परात, तांदूळ निवडत. सव्वाचारनंतर खेळ सुरू झाला. चौथ्या नंबरचा पोरगा नवाच होता, हात शिवशिवत असलेला.

"अहो," ही म्हणाली, "हा लई घाईत दिसतोय. जाणार बघा."

आणि पुढच्याच बॉलला गेला. स्लिपमध्ये.

माझं जे डोकं फिरलं! मॅचपायी नव्हे, हे मला आता कळतं. माझी पैज तिनं स्वतःच्या तोंडानं बुडवली असं वाटलं. मी ओरडलो, "एक दिवस! एक दिवस तोंड बंद ठेवशील का? आता मी उठ म्हणेपर्यंत हूं की चूं करायचं नाही!"

तिनं माझ्याकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि परात पुढं ओढली. त्याच वेळी फोन टुणकन वाजला. पोरगा ऑफिसातून चोरून स्कोअर बघायचा आणि विकेट पडली की मला मेसेज टाकायचा. 'तिसरा गेला.' मी वहीत तिसऱ्या विकेटसमोर लिहिलं, 'बोलली'. पेन्सिलीचं टोक मोडेल इतकं दाबून.

मग जोडी जमली. कप्तान आणि विकेटकीपर. बॉल सोडत होते, अंगावर घेत होते, खेळत नव्हते म्हणा, नुसते उभे होते. मला तेच हवं होतं. ओव्हरमागून ओव्हर मी शून्य मांडत गेलो. घरात पंख्याचा आणि पावसाचा आवाज. हिच्याकडून काहीच नाही. मला वाटलं, शहाणी आहे, ऐकतेय. रोज सकाळी जिचा आवाज ऐकल्याशिवाय मी उठत नव्हतो, तिच्या गप्प बसण्याचं मला त्या तासाभरात बरं वाटलं.

सहाच्या सुमाराला तिकडे आभाळ आलं, अंपायरांनी बेल्स काढल्या, कव्हर्स धावत आली. मी पाय लांब केले.

"घे, पाऊस आला. ऊठ आता. चहा टाक."

उत्तर नाही.

"अगं, आता बोललीस तरी चालेल."

तरी नाही. मला वाटलं रुसली. मी वळून पाहिलं. परात पायाशी उपडी, तांदूळ फरशीवर सांडलेले, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून बसलेली. डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होती. तोंड उजवीकडे ओघळलं होतं. काहीतरी बोलायला बघत होती आणि घशातून नुसता घोगरा आवाज येत होता.

परात पडल्याचा आवाज मी कसा ऐकला नाही?

मास्तरांना हाका मारल्या. ते वर आले, बघितलं आणि आमची प्लास्टिकची खुर्ची ओढली. त्या खुर्चीत बसवून दोन म्हाताऱ्यांनी तिला दोन मजले खाली आणलं. गल्लीत गुडघाभर पाणी, गाडी आत येईना. ॲम्ब्युलन्सवाला फोनवर म्हणत होता, मोठ्या रस्त्यावर या. मास्तरांनी ओळखीच्या सायकलरिक्षावाल्याला दारात बोलावलं. मी हिला कवेत धरून बसलो, मास्तर पाण्यातून मागून रिक्षा ढकलत होते, एक हात छत्रीला.

"बोल," मी तिला म्हणत होतो. "काहीतरी बोल गं. शिव्या दे मला. काहीही बोल." तिचं डोकं माझ्या खांद्यावर गदागदा हलत होतं आणि डावा हात माझ्या हातात होता, तो मला दाबत होता. उजवा तिच्या मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा साडेसात होत आले होते. मास्तरांनी फोन केल्यावर पोरगा न्यू टाउनहून आमच्या आधी पोचला होता. शर्ट ओला, चेहरा पांढरा. मशीनमध्ये डोक्याचा फोटो काढला. मग एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली आणि हिंदीत मला म्हणाली, "मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे. विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्या शेवटच्या कधी नीट होत्या? नीट बोलत होत्या, हात हलवत होत्या, अशी नक्की वेळ सांगा."

पोरगा माझ्याकडे बघत होता.

"सहापर्यंत ठीक होती," मी म्हणालो. "पाऊस आला तोपर्यंत."

"तेव्हा तुमच्याशी बोलल्या?"

"हो."

तोंडातून निघून गेलं. पोरासमोर काय सांगू, की मी तिचं तोंड बांधून तासभर टीव्ही बघत होतो? माझ्या बायकोला मी बघीन, असं ज्याला म्हणालो होतो त्यालाच?

ती पोरगी निघाली होती, पण थांबली. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असेल. म्हणाली, "आजोबा, पक्कं ना? वेळ खोटी निघाली आणि उशीर झालेला असला, तर त्याच इंजेक्शननं मेंदूत रक्त वाहतं. माणूस जातो."

इतकी वर्षं वितळलेलं सोनं उचललं, हात एकदाच हलला होता. त्या वेळी दोन्ही हात हलत होते. मी बाकाची कड धरली.

"बोलली नाही," मी म्हणालो. "सहाला बोलली नाही. कधी झालं मला माहीत नाही. मी तिला गप्प बसायला सांगितलं होतं."

"म्हणजे?" पोरगा म्हणाला.

"मॅच होती."

त्यानं नुसतं "बाबा" म्हटलं. यापेक्षा त्यानं मला मारलं असतं तर बरं.

डॉक्टरीण घड्याळ बघत होती. "मग शेवटचं बोलणं कधी? दुपारी? एक वाजता जेवताना? मग इंजेक्शन नाही देता येणार."

एक वाजता. मनातल्या मनात मी तास मोजले, साडेचार कधीच उलटले होते. आणि मग आठवलं. सदऱ्याच्या खिशात हात घातला. वही होती. पाण्यानं फुगलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. पण पेन्सिल पाण्यानं पसरत नाही. मी पान सोडवलं आणि पोरापुढं धरलं.

"तिसऱ्या विकेटला बोलली," मी म्हणालो. "हे बघ, लिहिलंय. पूर्ण वाक्य बोलली. हा लई घाईत दिसतोय, जाणार बघा, असं. स्पष्ट. त्यानंतर ओठांवर बोट ठेवलं, उजव्या हाताचं, आणि परात ओढली. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

पोरानं वही बघितली, मला बघितलं, आणि खिशातून फोन काढला. त्याचा मला पाठवलेला मेसेज. 'तिसरा गेला.' खाली वेळ होती. चार बेचाळीस.

"चार बेचाळीस," त्यानं डॉक्टरला सांगितलं. "हे पक्कं."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. "विकेट आहे ती. विकेटच्या बाबतीत मी खोटं लिहीत नाही."

ती धावत आत गेली. मी आणि पोरगा बाकावर बसलो. मधे एका माणसाची जागा सोडून. मास्तर ओल्या पायजम्यात समोर उभे होते. त्यांनी तीन कागदी कप आणले, एक माझ्या हातात दिला, एक पोराच्या, आणि मधल्या रिकाम्या जागेवर स्वतः बसले. बर्गी म्हणाले नाहीत. त्याची मला जास्त भीती वाटली.

तिकडे पाऊस थांबलाच नाही आणि टेस्ट वाचली, हे मला तीन दिवसांनी कळलं. हीही वाचली. माझी पैज खरी झाली म्हणायची. पण त्या पैजेनंच तिला मोड्यावर बसवून ठेवलं होतं. तिकडे आणखी तासभर पाऊस आला नसता तर मी आणखी तासभर शून्यं मांडत बसलो असतो. वर समाधानानं.

बोलणं हळूहळू परत आलं. आधी पोराचं नाव, मग पाणी, मग मी. बऱ्याच दिवसांनी एकदा मी तिला विचारलं, "तुला कळलं नाही का, होतंय ते?"

"कळलं," ती म्हणाली. शब्द एकेक करून ठेवते ती आता, भांडी मांडावी तसे. "हाताला... मुंग्या आल्या. म्हटलं, सांगावं. मग म्हटलं, ओव्हर संपू दे."

मी उठून बाल्कनीत गेलो.

आता आम्ही न्यू टाउनला पोराकडे असतो. मी एकदाही कुरकुर केलेली नाही, हे त्यानंही मान्य केलं आहे. मास्तर रविवारी फोन करतात. टीम पुन्हा परदेशात गेली आहे, पुन्हा हरते आहे, पुन्हा पाऊस. मी नियम बदलला. मॅच चालू असताना दर ओव्हरला हिनं काहीतरी बोलायचं, आणि बोलली की मी त्या ओव्हरसमोर लिहितो, 'बोलली'. पोरगा म्हणतो, बाबा, अख्खं पान तेच आहे. असू दे.

तिला याचा कंटाळा येतो. "काय बोलू?" म्हणते.

"काहीही."

"हा... जाणार."

"जाऊ दे."

परवा विकेटकीपर जमला होता. एक ओव्हर संपली आणि स्वयंपाकघरातून आवाज आला नाही. दुसरीही संपत आली. मी हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली, मोठ्यानं. मी उठलो, खुर्ची मागं पडली, चष्मा कुठं गेला कळलं नाही, भिंतीला धरत दारापर्यंत पोचलो. ती माठाशी उभी होती, डाव्या हातात पेला, डोकं मागं टाकून पाणी पीत होती. सावकाश पिते ती, ठसका लागतो म्हणून. पेला खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं.

"पाणी... पीत होते," ती म्हणाली. "तिकडं ओरडा कसला? गेला ना... कुणीतरी?"

माझ्या मागं टीव्हीवर गलका चालला होता.

"आणखी बोल," मी म्हणालो.